‘हे तुला कसं माहीत?’ : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात शोधपत्रकारितेत नव्याने उतरणाऱ्या मुलींना मेंटॉर, म्हणजे जाणता मार्गदर्शक, मिळायला हवा असं मी ओझरतं लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. काही मुलींची, काही त्यांच्या वरिष्ठांची, आणि एक चांगलं खरमरीत. त्यातली सहा घेतली आहेत. नावं काढली, ओळख पटेल असे तपशील बदलले.

ताई, मी एका दैनिकात आठ महिन्यांपासून बातमीदार आहे. मला शोधबातम्या करायच्या आहेत. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ सरांना धीर करून विचारलं, ‘माझे मेंटॉर व्हाल का?’ ते म्हणाले, ‘आनंदाने!’ त्याला तीन महिने झाले. भेटले की ‘काय, कसं चाललंय?’ विचारतात, मी ‘छान’ म्हणते. पुढे काय करायचं?

अगं, ‘मेंटॉर व्हाल का’ याला कुणीही हो म्हणेल. त्यात करायचं काहीच नसतं, वर मान मिळतो. सरांना दोष देऊ नकोस, त्यांच्यापुढे काम ठेव.

एक कोरा कागद घे. वर एकच वाक्य लिही: मला काय सिद्ध करायचं आहे. खाली, माझ्या हातात काय आहे, काय नाही, आणि जे नाही ते कुणाच्या कपाटात असू शकेल. पान उलटायचं नाही, एका बाजूला मावलं पाहिजे. हा कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी जा आणि विचार, ‘सर, यातलं आधी काय मागवू?’ या प्रश्नाला ‘छान’ हे उत्तर देता येत नाही. माणूस जाणता असेल तर चष्मा शोधायला लागतो. तो चष्मा शोधत नसेल तर दुसरं टेबल बघ.

माझं सांगते. मी सव्वीस वर्षांची होते. सरकारी रुग्णवाहिकांच्या इंधनाची बिलं फुगवलेली असतात, असं एका चालकाने सांगितलं आणि मी तावातावाने मोठी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, लिहून काढली. आमच्या मुख्य उपसंपादक बाई सगळ्यांना ‘अहो’ म्हणायच्या, शिकाऊ पोरांनासुद्धा. त्यांनी माझी कॉपी वाचलीच नाही. पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर आकडा घातला. एकूण ८४ वाक्यं भरली. कागद परत देत म्हणाल्या, ‘प्रत्येक आकड्यापुढे लिहून आणा, हे तुम्हाला कसं माहीत?’

रात्री लिहायला बसले. ३१ वाक्यांपुढे ‘चालक म्हणाला’. २२ वाक्यांना कागद होता. १२ मी स्वतः पाहिलेली. उरलेल्या १९ वाक्यांपुढे काय लिहावं ते सुचेना. ‘सर्रास’, ‘संगनमताने’, ‘वर्षानुवर्षे’ हे सगळे माझे लाडके शब्द त्या एकोणिसांत निघाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एवढंच विचारलं, ‘याच गाडीची नोंद आणखी कुठे होत असेल?’ त्यावर मला दुरुस्तीचं रजिस्टर आठवलं. लॉगबुकात गाडी किती वाजता निघाली, किलोमीटरचा काटा कुठे होता, हे असतं. गॅरेजच्या रजिस्टरात गाडी आत कधी आली, बाहेर कधी गेली, ते असतं. दोन्ही शेजारी ठेवली. एका गाडीचं इंजिन उतरवून ती अकरा दिवस गॅरेजात पडलेली होती, आणि त्याच अकरा दिवसांत लॉगबुकात ती रोज धावत होती. काटाही इमानेइतबारे पुढे सरकत होता.

बाईंनी ती बातमी मला शोधून दिली नाही, एकही फोन लावून दिला नाही. पण तो एक प्रश्न मी पुढे तीस वर्षं वापरला.

आणि हा प्रश्न त्यांचाही नव्हता म्हणा. आयडा टार्बेल या अमेरिकन पत्रकार बाईने १९०२ ते १९०४ या काळात ‘मॅक्‌क्लुअर्स’ मासिकात तेलसम्राट रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास १९ लेखांत मांडला. तिचा बराचसा मसाला जुन्या खटल्यांतल्या साक्षी आणि चौकश्यांचे अहवाल यांतला होता. गुप्त खबऱ्या हाताशी नसतानाही ही कागदपत्रं कुणालाही मागता आली असती. एक जुनी पुस्तिका मात्र तिला काही केल्या मिळेना, जवळपास सगळ्या प्रती नाहीशा केल्या गेल्या असं बोललं जात होतं. तिची प्रत शेवटी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडली. एका जागी पुसलेली गोष्ट बहुधा दुसऱ्या जागी लिहिलेली असते. ती जागा कोणती, हे अनुभवी माणसाला चटकन सुचतं. सरांकडून तुला हवंय ते हेच. प्रेरणा त्यांच्याकडेच राहू दे.

मला गणित अजिबात येत नाही. शोधपत्रकारितेत चालेल का?

नाही चालणार. पण घाबरण्याएवढं लागतही नाही. सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यांतला फरक कळायला हवा. टक्के आणि टक्केबिंदू यांतला कळायला हवा: व्याजदर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला तर तो २ टक्केबिंदूंनी वाढला आणि ५० टक्क्यांनीही वाढला. दोन्ही खरं. कोण कुठला आकडा सांगतोय त्यावरून त्याची बाजू कळते. स्प्रेडशीटमध्ये क्रम लावणं, गाळणं आणि पिव्हट टेबल (आकड्यांचे गट करून बेरजा दाखवणारा तक्ता) एवढं आलं तरी वर्षभर पुरेल. कुणी शिकवायची वाट बघू नकोस, पंधरा दिवस रोज तासभर बस.

एक अधिकारी मला सहा महिन्यांपासून चांगले कागद देतोय. त्यावर दोन बातम्याही झाल्या. आता मोठ्या फाइलबद्दल बोलतो, पण म्हणतो संध्याकाळी एकटी ये. रात्री अकराला ‘झोपलीस का?’ असे मेसेज येतात. फाइल फार महत्त्वाची आहे. ऑफिसात सांगितलं तर माझं बीट (माझ्याकडे सोपवलेलं बातम्यांचं क्षेत्र) काढून घेतील.

शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस. माझी नजर आधी तिथेच अडकली. वागतो तो, आणि बीट जातं तुझं. ही भीती खोटी आहे असं सांगून तुझी समजूत काढणार नाही, मी असं होताना पाहिलंय. म्हणून सगळ्या ऑफिसला सांगायच्या आधी एका माणसाला सांग, ज्याच्या शब्दाला तिथे वजन आहे. तोंडी सांगून थांबू नकोस. तारीख, वेळ आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घालून लिहून पाठव. उद्या गोष्ट वाढली तर तू आजच बोलली होतीस, याचा कागद राहील.

त्या अधिकाऱ्याला सांग, ‘आमच्याकडे कागद घेताना दोघांनी असायची पद्धत आहे.’ ‘पद्धत’ हा शब्द भारी कामाचा आहे. त्यात आरोप नाही, भांडण नाही, आणि वादाला जागाही नाही. दिवसाउजेडी, चार लोकांच्या जागी, सोबत सहकारी. त्याला फाइल बाहेर यायला हवी असेल तर तो दोघांच्याही हातात देईल. नाहीच दिली, तर त्याला फाइल बाहेर आणायची नव्हती असं समज.

आता फाइलचं. ती अस्तित्वात आहे हे तुला कळलं, अर्धं काम झालं. फाइलचा क्रमांक, पत्राचा जावक क्रमांक, तारीख यातलं काही बोलण्यात आलं असेल तर आठवून लिहून ठेव. सरकारी फाइल असेल तर माहितीच्या कायद्याखाली ती रीतसर मागता येईल. असा कायदा स्वीडनमध्ये पहिल्यांदा १७६६ मध्ये झाला, अमेरिकेत १९६६ ला, भारतात २००५ ला, आणि आज शंभराहून अधिक देशांत आहे. मात्र नेमका तोच क्रमांक टाकून अर्ज केलास तर आतल्या लोकांना कळेल की फोडलं कुणी. म्हणून जाळं मोठं टाक. त्या विषयावरच्या त्या तिमाहीतल्या सगळ्या फाइलींची यादी आधी माग, मग यादीतल्या सात-आठ फाइली माग, त्यातली एक तुझी. वेळ लागेल. लागू दे.

तुला राग येईल असं एक सांगते. तो कसाही वागला तरी सोर्स म्हणून दिलेला शब्द तू मोडायचा नाहीस. बातमीत त्याच्याकडे बोट जाईल असं काही येता कामा नये. त्याच्या वागण्याची तक्रार हा निराळा विषय, ती करायचा तुला पूर्ण हक्क आहे आणि मी तुझ्या जागी असते तर केली असती. पण बातमीतून सूड उगवायचा नाही. पुढचा सोर्स आपण आधीच्या सोर्सशी कसे वागलो ते बघतो.

दोघींनी काम करण्याला कमीपणा मानू नकोस. जोडी कँटर आणि मेगन टूही या बातमीदार दोघींनी मिळून हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याने केलेल्या लैंगिक छळाची बातमी केली, ती ५ ऑक्टोबर २०१७ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली. बायका बोलायला घाबरत होत्या, त्यामुळे नुसत्या मुलाखतींवर विसंबून राहता येणार नव्हतं. पैसे देऊन मिटवलेली किमान आठ प्रकरणं त्यांनी हुडकून काढली. तडजोड झाली की कुठेतरी सही होते.

मी संपादक आहे. शोध विभागात तीन तरुण मुली घेतल्या, तिघी हुशार. वर्षभरात दोघींनी दुसरीकडे बदली मागितली. मी त्यांना नेहमी सांगत आलो, ‘बिनधास्त करा, मी आहे ना!’ माझं काय चुकलं?

‘मी आहे ना’ म्हणजे काय, हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंत का?

१८८७ मध्ये नेली ब्लाय ही बातमीदार वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कजवळच्या ब्लॅकवेल बेटावरच्या बायकांच्या वेड्यांच्या इस्पितळात शिरली. आत गेल्यावर बाहेर कसं काढाल, असं तिने संपादकाला विचारलं होतं. कसं ते माहीत नाही, पण काढू, असा त्याच्या उत्तराचा मथितार्थ. दहा दिवसांनी वर्तमानपत्राने वकील पाठवून तिला सोडवलं. आपल्या धंद्यात ही गोष्ट फार कौतुकाने सांगतात. मला ती वाचली की तिच्या वयाची आठवण येते, विशी नुकती ओलांडलेली. ‘कसं ते माहीत नाही’ हे उत्तर तेव्हा चालून गेलं. तुमच्या टेबलामागे बसून ते देऊ नका. भेटीला कोण बरोबर जाणार, दर किती तासांनी फोन करायचा, फोन आला नाही तर कोण कुणाला कळवणार, वकिलाचा नंबर कुणाच्या खिशात आहे, हे कागदावर असलं पाहिजे.

आता एक काम करा. वर्षभराची कामवाटपाची वही काढा आणि मुलींना काय दिलं, मुलांना काय दिलं, ते स्वतः वाचा. मी पैज लावते की मोठी बातमी निघाली तेव्हा हिशेब, करार, कंपन्यांची कागदपत्रं मुलांकडे गेली आणि ‘पीडित बाईशी तूच बोल, तुझ्याशी मोकळं बोलेल’ हे मुलींच्या वाट्याला आलं. बोलतात बायका मोकळं, खरं आहे. पण वर्षभर दुसऱ्यांचं रडणं ऐकायचं, बातमीचा कणा मात्र दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये, आणि नाव छापायची वेळ आली की त्याचं पहिलं. यात माणूस थकतं. हुशार मुलगी बदली मागते ती घाबरून, असं तुम्हाला वाटत असेल. त्या दोघींना विचारून बघा.

‘रात्रीचं तिला नको’ हेही तपासा. यामागे काळजी असते हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही परस्पर ठरवता तेव्हा तिची बातमी जाते. तिला विचारा, सोबत द्या, गाडी द्या, मग तिलाच ठरवू द्या.

नोटिशीचं बघा. बदनामीची नोटीस तिच्या नावाने येते, तेव्हा ती एकटी वाचते की तुम्ही वाचता? माल्टाच्या पत्रकार डाफ्नी कारुआना गालित्सिया यांची १६ ऑक्टोबर २०१७ ला मोटारीत बाँब ठेवून हत्या झाली, त्या दिवशी त्यांच्यावर बदनामीचे चाळीसहून अधिक दावे चालू होते. खटला हरण्याआधीच त्याने माणूस दमतो आणि दावा लावणाऱ्याला तेच हवं असतं. कॉपी छापायच्या आधी वकिलाने वाचली पाहिजे, आणि नोटिशीला उत्तर संस्थेकडून गेलं पाहिजे.

शिव्यांबद्दलही लिहायलाच हवं. युनेस्को आणि पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय केंद्राने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत उत्तरं देणाऱ्या महिला पत्रकारांपैकी ७३ टक्के जणींनी ऑनलाइन हिंसा अनुभवल्याचं सांगितलं. २० टक्के जणींनी सांगितलं की प्रत्यक्षात झालेले हल्ले किंवा छळ त्या ऑनलाइन प्रकारांशी जोडलेले होते. त्यामुळे ‘लक्ष देऊ नकोस गं’ हे वाक्य तुमच्या ऑफिसातून हद्दपार करा. बातमी येण्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी तिच्याबरोबर बसून तिचा पत्ता, घरच्यांचे फोटो, जुने नंबर इंटरनेटवर कुठे कुठे आहेत ते बघावं आणि काढता येतील ते काढावेत. खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी. बातमी आल्यावर दोन-तीन दिवस तिचे मेसेज दुसऱ्या कुणीतरी वाचावेत आणि धमक्या वेगळ्या काढून जपून ठेवाव्यात. तिने त्या वाचल्याच पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

तिसरी मुलगी अजून आहे ना? तिला आधी एखादा करार वाचायला द्या.

तुमचा मागचा लेख पटला नाही. मी सत्तावीस वर्षं बातमीदारी केली. आम्हाला कुणी हात धरून शिकवलं नाही, धक्के खात शिकलो. आजच्या मुलींना सगळं आयतं हवं. मेंटॉर कसले, अंगात धमक लागते.

बाई, तुमचा राग मला ओळखीचा आहे. माझाही पहिला मोठा शोध एका वरिष्ठाने स्वतःच्या नावावर छापला होता. माझं नाव शेवटी, ‘सहकार्य’ म्हणून, तेही बारीक टायपात. त्याचं नाव घेणार नाही, तो आता कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण ते पान मला अजून दिसतं.

धक्के खाऊन आपण शिकलो म्हणता. आपल्याबरोबर ज्या लागल्या होत्या, त्या सगळ्या कुठे आहेत? माझ्या तुकडीत पाच मुली होत्या. दोन वर्षांनी मी एकटी उरले, आणि त्यातल्या दोघी माझ्यापेक्षा नक्कीच सरस होत्या. एकीची स्मरणशक्ती अशी की तिला ताळेबंद पाठ असायचा. धक्क्यांनी ती शिकली नाही, गेली. धक्क्यांचे गोडवे आपण गातो, कारण गाण्यापुरत्या आपण उरलो.

आणि अंगातली धमक म्हणाल तर ती माझ्यात भरपूर होती. म्हणूनच चाळिशीत मी माझी सगळ्यात वाईट चूक केली. एका योजनेचे आकडे हाती आले, मी बातमी दिली की अमुक इतकी रक्कम खर्च झाली आणि कामाचा पत्ता नाही. ती रक्कम मंजूर झालेली होती. खर्च झालेली रक्कम पुढच्याच रकान्यात होती, तिच्या दहाव्या हिश्शाएवढी. वाईट म्हणजे गैरव्यवहार खरा होता! पण माझ्या चुकीने त्यांना पळवाट मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा छापावा लागला आणि तो विषय पुढे वर्षभर कुणी हातात धरला नाही. कारण साधं होतं. तोवर मी ज्येष्ठ झाले होते, आमच्या त्या मुख्य उपसंपादक बाई निवृत्त झाल्या होत्या, आणि माझ्या वाक्यांवर आकडे घालणारं ऑफिसात कुणी राहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी एका शिकाऊ मुलीला माझी कॉपी दिली आणि पेन्सिल दिली. ती बिचारी बावरली. तिसऱ्या वाक्याशी थांबून म्हणाली, ‘मॅम, हे तुम्हाला कसं माहीत?’ मला सांगता आलं नाही.

तुम्हाला हात धरायला मी सांगतच नाही. तुमच्या जुन्या डायरीत पाचशे नंबर असतील. त्यातल्या एका निवृत्त लेखापरीक्षकाला फोन लावा आणि म्हणा, ‘माझी सहकारी येतेय, तिला ही फाइल वाचायला शिकवा.’ ‘एक मुलगी पाठवतेय’ म्हणू नका, सहकारी म्हणा. समोरचा खुर्ची तशी देतो.

बातमी छापून झाली की नोंदवह्या किती दिवस ठेवायच्या? घरात जागा नाही.

दावा लावायची मुदत देशागणिक वेगळी असते, म्हणून आपल्या वकिलाला विचारून घे. तोवर एकही फेकू नकोस. प्रत्येक वहीवर सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख घाल. पानं फाडू नकोस, फाटलेलं पान कोर्टात फार बोलतं. ज्याचं नाव उघड करणार नाही असा शब्द दिलास, त्याचं नाव, नंबर, हुद्दा, भेटीची जागा यातलं काही त्या वहीत नको. खूण ठरव, आणि ती खूण कुणाची ते ज्या कागदावर आहे तो कागद वहीजवळ ठेवू नकोस.